फोमच्या पंखाला वरून सुरकुती पडली: जाड रॉड घालू की टेप मारू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी बनवलेलं रिमोटचं मॉडेल विमान, पंखविस्तार १२०० मिमी, पंखाची रुंदी टोकापर्यंत २०० मिमी. ५ मिमी डेप्रॉन (थर्माकोलच्या जातीची दाट फोमशीट) पुढच्या कडेवर दुमडून केलेला पोकळ पंख. खालून सपाट, डायहेड्रल (दोन्ही पंखांची टोकं वर उचललेली असणं) नाही, सर्वांत जाड जागी २५ मिमी. २२१२ मोटर, ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच बॅटरी, उडायला तयार असताना वजन १ किलो. पंखात ४ मिमीचा भरीव कार्बन रॉड आहे, जाडीच्या मधोमध, फोमच्या रिबांमधून (पंखाला आतून आकार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांमधून) ओवलेला. लूपमधून (हवेतल्या उभ्या कोलांटीतून) बाहेर येताना पंख धनुष्यासारखे वर वाकतात, आणि आता फ्यूजलाजपासून (विमानाच्या धडापासून) चार बोटांवर पंखाच्या वरच्या बाजूला आडवी सुरकुती पडली आहे. आता ६ मिमीचा रॉड घालावा, की खालून फिलामेंट टेप (आत काचेचे धागे असलेली) मारावी?

दोन्ही नको. रॉड चुकीच्या जागी आहे, आणि टेप सुरकुतीच्या उलट बाजूला काम करते.

आधी पंखावर येतं किती ते पाहू. १ किलोच्या विमानात प्रत्येक पंखाला सरळ उड्डाणात अर्धा किलो उचलावं लागतं. ही उचल पंखभर पसरलेली असते, पण हिशोबासाठी ती मुळापासून साधारण २५० मिमीवर एकवटली आहे असं धरलं तरी चालतं. म्हणजे मुळाशी वाकवणारा जोर सुमारे १.२५ न्यूटन-मीटर. आता लूप. सेकंदाला २० मीटर वेग आणि १० मीटर त्रिज्या असेल तर तळाशी विमान स्वतःच्या पाचपट जड होतं: चार पट वळणामुळे, एक पट मूळचं वजन. मुळाशी जोर झाला ६.२ न्यूटन-मीटर. तुमचं विमान सेकंदाला साधारण ८ मीटरला स्टॉल होईल (पंखाची उचल तुटेल), त्यामुळे २० मीटर वेगाला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) कितीही ओढला तरी सहापटीच्या फार वर भार येणार नाही, त्याआधी पंखच स्टॉल होईल. पण डाइव्हमध्ये (नाक खाली करून सूर मारताना) तोच वेग २५ झाला की मर्यादा थेट दहापटीच्या घरात जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. घरगुती पंख बहुतेक वेळा इथेच मोडतात, लूपमध्ये नाही. फुल थ्रॉटलवर डाइव्ह मारून झटक्यात वर ओढणं हे स्पारच्या (पंखाला आतून ताठ ठेवणाऱ्या रॉडच्या) भरवशावर करायचं कामच नाही.

हा ६.२ चा जोर सध्या कोण झेलतंय? ४ मिमी रॉडचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो, आणि तो येतो १२.६ मिमी⁴. कार्बनचा ताठपणा साधारण १,२०,००० मेगापास्कल धरला तर गुणाकार १५ लाख. उलट तुमचा डेप्रॉन, ज्याचा ताठपणा जेमतेम १५ मेगापास्कल, तो २०० मिमी रुंद आणि एकमेकांपासून २० मिमी अंतरावर असलेल्या दोन कातड्यांच्या रूपात आहे. त्याचा गुणाकार येतो ३० लाख. म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवून लूप मारले तो कार्बन एक तृतीयांश भार घेत होता आणि बाकीचा दोन तृतीयांश बिचारा फोम. पाचपट भाराला वरच्या कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोच्या आसपास दाब येतो. या जातीचा फोम साधारण तेवढ्यालाच दबायला लागतो. सुरकुती पडली ती म्हणून.

सुरकुती वरच आणि चार बोटांवरच का, तेही यातून कळतं. पंख वर वाकला की खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. फोम ताण बरा सोसतो, दाबाला आधी हार मानतो. फ्यूजलाजच्या अगदी वर मधली पट्टी, रबरबँड, खालचं खोगीर या सगळ्यांचा आधार असतो. हा आधार जिथे एकदम संपतो तिथे पंख मोडतो. म्हणून मधल्या भागावर जी जादा शीट किंवा पट्टी लावाल तिची टोकं कधीही सरळ कापू नका. माशाच्या शेपटीसारखी खाच द्या किंवा निमुळती करा. आणि वरची व खालची पट्टी एकाच रेषेवर संपवू नका, निदान ४० मिमी पुढेमागे ठेवा.

आता तुमचे दोन पर्याय. ६ मिमी बाहेरचा आणि ४ मिमी आतला व्यास असलेली नळी घेतली तर विरोध ५१ मिमी⁴ आणि वजन मीटरला २४ ग्रॅम. म्हणजे आत्ताच्या ४ मिमी रॉडपेक्षा, जो मीटरला साडेएकोणीस ग्रॅम आहे, चौपट ताठ. ऐकायला छान, पण फोम धरून एकूण पंख फक्त दुप्पट ताठ होईल. ६ मिमीचा भरीव रॉड तर घेऊच नका. तो ४४ ग्रॅमला ६४ मिमी⁴ देतो, म्हणजे मधलं मटेरियल नुसतं ओझं. टेपचं म्हणाल तर फिलामेंट टेप फक्त ओढ घेते. दाबली की ती नुसती ढिली पडते. खालून टेप मारली तर खालची बाजू ताठ होईल आणि वाकण्याचा मध्य खाली सरकेल, पण वरच्या कातडीवरचा दाब जवळपास होता तेवढाच राहील. सुरकुती पुन्हा तिथेच. टेप वाईट नाही, तिचं काम वेगळं आहे. ते पुढे येईल.

खरा उपाय म्हणजे कार्बन मधोमध न ठेवता वर आणि खाली दूरदूर ठेवायचा आणि मध्ये उभी पट्टी देऊन दोघांना बांधून टाकायचं. घराच्या छपराची लोखंडी तुळई आय आकाराची असते ती याच कारणाने. ३ × १ मिमीच्या दोन कार्बन पट्ट्या १७ मिमी अंतरावर ठेवल्या तर विरोध येतो ४३८ मिमी⁴. रॉडच्या पस्तीसपट, आणि दोन पट्ट्यांचं मिळून वजन मीटरला साडेनऊ ग्रॅम. मधला बाल्सा आणि एपॉक्सी धरून सगळी तुळई २०-२२ ग्रॅममध्ये बसते. म्हणजे तुमच्या आत्ताच्या रॉडएवढीच.

अट एकच: मधली उभी पट्टी हवीच. वेब म्हणतात तिला. ती नसेल तर दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकतात. पत्त्यांचा कॅट वाकवून पाहा, पानं सरकतात आणि कॅट सहज वाकतो. तीच पानं चिकटवली तर वाकत नाही. दोन पातळ शीट नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पट, पूर्ण चिकटवल्या तर आठपट, हाही त्यातलाच प्रकार. पाचपट भाराला मुळाशी प्रत्येक कार्बन पट्टीत सुमारे ३७ किलोची ओढ किंवा दाब असतो. कार्बनला ते काहीच नाही. पण ही ओढ पट्टीत शिरते ती चिकटवणीतून आणि वेबमधून. वरून ३ मिमीची चीर मारून नुसती पट्टी फोममध्ये दाबली आणि मध्ये वेब दिला नाही, तर कार्बन शाबूत राहतो आणि भोवतालचा फोम फाटतो. कार्बन घालूनही पंख वाकतो अशी तक्रार असते तिथे दहातल्या आठ वेळा वेब नसतो.

हे तयार पंखात कसं बसवायचं ते आता सांगतो. तुळई पंखाच्या बाहेर, टेबलावर बनवायची. सामान: ३ × १ मिमी कार्बन पट्टी, १ मीटरच्या दोन, आणि २ मिमी बाल्सा शीट. पंख १२०० चा असला तरी तुळई १००० ची पुरे. टोकाकडच्या शंभर-शंभर मिलिमीटरमध्ये वाकवणारा जोर नगण्य असतो. बाल्सा शीट साधारण १०० मिमी रुंद येते. तिच्यातून रेषांच्या आडव्या दिशेने २० मिमी रुंद पट्ट्या कापा, म्हणजे २० × १०० मिमीचे तुकडे मिळतील ज्यात लाकडाच्या रेषा उभ्या, २० मिमीच्या दिशेने जातात. दहा तुकडे लागतील. रेषा उभ्याच का? आडव्या रेषांचा बाल्सा पट्ट्यांमधल्या दाबाने रेषेवरच चिरतो. तुकडे एकापुढे एक ठेवून मीटरभर लांबी करा, पण एक पूर्ण तुकडा बरोबर मध्यावर येऊ द्या, सांधा मध्यावर नको. म्हणजे दोन्ही टोकांना अर्धे तुकडे येतील.

कार्बन पट्टीवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवा. चकाकी गेली पाहिजे. साच्यातून काढताना लागलेलं मेणासारखं द्रव्य तसंच राहिलं तर एपॉक्सी नखाने सुटते. पाण्यातच घासा, कारण कार्बनची कोरडी धूळ श्वासात जाऊ नये आणि तिचे तंतू बोटात रुतले की दोन दिवस ठणकतात. पुसून वाळली की टेबलावर प्लास्टिक अंथरून, मीटरच्या अॅल्युमिनियम पट्टीला टेकवून, बाल्साच्या एका अंगाला वरच्या आणि खालच्या कडेलगत एकेक कार्बन पट्टी उभी चिकटवा, ३ मिमीची बाजू बाल्साला लागेल अशी. ३० मिनिटांची एपॉक्सी किंवा साधं, रात्रभर सुकणारं अराल्डाईट. ५ मिनिटांचं नको. मीटरभर लावेपर्यंत पहिलं टोक घट्ट होतं, आणि ते ठिसूळही असतं. बाहेर बनवण्याचा आणखी एक फायदा: फोम जवळ नसल्यामुळे बाल्साचे तुकडे एकमेकांना जोडायला साधं फेविक्विक चालतं. सुटी तुळई हातात उभी धरली की आडवी कलंडते, तो दोष समजू नका. पंखात गेली की दोन्ही कातड्या तिला उभी धरतात.

आता पंख. उलटा करून खालची सपाट बाजू वर आणा. वरची बाजू फुगीर असल्यामुळे तो डोलेल. दोन्ही टोकांखाली आणि मध्ये फोमचे तुकडे लावून असा टेका की कुठेच पीळ राहणार नाही. पाठीमागे उभं राहून दोन्ही टोकांच्या मागच्या कडा एका डोळ्याने जुळवून पाहा. हे इथेच करून घ्या. तुळई चिकटली की पंखात आत्ता असलेला पीळ कायमचा होतो. सुरकुती बोटाने हळूच दाबून सरळ करा. डेप्रॉनची सुरकुती गरम पाण्याने उतरत नाही. ती युक्ती ईपीपी आणि ईपीओ या लवचिक फोमसाठी.

पुढच्या कडेपासून ५५ मिमीवर, म्हणजे जिथे पंख सर्वांत जाड आहे आणि जुन्या रॉडच्या बोटभर पुढे, खालच्या शीटला १००० मिमी लांब आणि ३ मिमी रुंद आरपार चीर द्या. कटरचं पातं नवं कोरं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, कुरतडतं. दोन समांतर काप घ्या, पट्टी उचलून काढा. मध्ये येणाऱ्या रिबांनाही तिथेच ३ मिमीची खाच वरच्या कातडीपर्यंत द्या. वरची कातडी कापायची नाही. तिच्यावर आधीच दाब आहे आणि तिला अखंड ठेवण्यासाठीच ही तुळई २० मिमी उंच केली. कोरडी बसवून पाहा. वरच्या कातडीला आतून टेकली पाहिजे आणि खालून शीटच्या पातळीत आली पाहिजे. बाहेर आली तर ढकलू नका, वरची कातडी फुगेल. बाल्सा घासा.

चिकटवायला एपॉक्सीच, पण पातळ थर. वाटीत एकदम खूप कालवू नका. गोळा मोठा असला की ती स्वतःच तापते, आणि हे फोम ८०-९० अंशाला मऊ पडतात. वीस-वीस ग्रॅम दोनदा कालवा. तुळईची वरची कड, दोन्ही बाजूंना कातडी मिळते तो कोपरा आणि प्रत्येक रिब, एवढ्या जागी लावा. पंखावर वाचनाची मासिकं ठेवा, विटा नको. दुसऱ्या दिवशी खालच्या चिरेवर २५ मिमीची फिलामेंट टेप मीटरभर. चीर बंद झाली आणि टेपने ओढीची बाजू सांभाळली. टेपचं योग्य काम हे. तपकिरी पॅकिंग टेप त्या जागी चालत नाही, ती ताणली जाते.

कार्बन मिळत नसेल किंवा कुरिअरची वाट पाहायची नसेल तर बांबू घ्या. यात कमीपणा काही नाही. कुठल्याही गावच्या बुरूड आळीत वाळलेल्या बांबूची लांब कामटी मिळते. ६ × २.५ मिमी मापाची, एक मीटर लांब, दोन. बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या दाट धाग्यांत असते, आतला गाभा भुसभुशीत. म्हणून कामटी आतल्या अंगाने तासा, सालीकडून नाही. पेराच्या जागी धागे वाकडे जातात, तेव्हा वरच्या कामटीचं पेर आणि खालच्या कामटीचं पेर एका रेषेत येऊ देऊ नका आणि मुळापाशी तर पेर नकोच. ओला बांबू वाळताना पीळ घेतो आणि पंखालाही देतो. जुन्या चिकाच्या पडद्याची जाड पट्टी मिळाली तर उत्तम. बाल्सा धरून ही तुळई साडेचार मिमी जाड होते, तेव्हा चीरही तेवढीच रुंद. वजन दोन कामट्यांचं मिळून २२ ग्रॅम. ताठपणा कार्बन तुळईच्या निम्म्याहून कमी, तरी तुमच्या आत्ताच्या पंखाच्या पाचपट. पाचपट भाराला कामटीत दर चौरस मिमीला ३ किलो येतात, बांबू ते आरामात घेतो. साध्या शिकाऊ विमानात कार्बन घालण्याची गरज फारशी नसतेच.

वाकणं झालं. पण वेगवान विमानात पंख फोडतं ते पीळणं, आणि ही तुळई पिळाला जवळजवळ काहीच मदत करत नाही. गोल रॉड तर फोममध्ये आपल्या जागी फिरतो. पिळाला विरोध करतं ते बंद कवच: पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत वरची आणि खालची कातडी सलग, कुठेही उघडी नसलेली. सर्व्होसाठी (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरसाठी) मोठी चौकोनी भोकं, मागच्या कडेला सुटलेली चिकटवण, वायर ओढायला मारलेली आणि मग तशीच सोडलेली चीर, यातली एकही गोष्ट पीळ दुप्पट करू शकते. पाहण्याची रीत: मुळाशी पंख धरा आणि टोक अंगठा-बोटाने पिळा. जिथे चिकटवण सुटलेली असेल तिथे मागच्या कडेला वरची शीट खालच्या शीटवरून सरकताना दिसते.

कवच नीट बंद करूनही मऊ वाटत असेल तर फिलामेंट टेप ४५ अंशात तिरपी मारा. वरून एका दिशेने, त्यावर उलट दिशेने, म्हणजे चौकड्या होतील. खालूनही तशीच. दोन्ही पंखांवर आरशातल्यासारखी, नाहीतर एका बाजूचा पीळ वेगळा येऊन विमान कायम एकीकडे लोळत राहतं. टेप ओढून लावू नका, नुसती ठेवून चोळा. ओढलेली टेप सैल होताना पंखाला आपल्या बाजूला वाकवते. याहून सुबक काम हवं तर २५ ग्रॅमचं काचेचं कापड पाण्यावर चालणाऱ्या पीयू व्हार्निशने, कापडाचे धागे ४५ अंशात ठेवून. दोन्ही बाजूंचं कापड १२ ग्रॅम आणि व्हार्निश साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. दिसायलाही झकास.

पिळाचा त्रास हवेत आवाजावरून कळतो. वेग वाढला की पंखातून घर्रर्र असा आवाज येतो, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) धूसर दिसतं. हे फ्लटर. त्या क्षणी थ्रॉटल बंद, नाक अलगद वर, सरळ खाली उतरायचं. एलेरॉन झटकून बघू म्हणणाऱ्याचं एलेरॉन शेतात सापडतं. उतरल्यावर आधी पंखावर संशय घेऊ नका. सर्व्होच्या हॉर्नमध्ये (फिरणाऱ्या दांडीत) तार खेळते का, एलेरॉन स्वतः मऊ आहे का, बिजागरीची टेप सुटली आहे का, हे पाहा. एलेरॉन एका हाताने अडवून सर्व्हो हलवला आणि हॉर्न फिरूनही एलेरॉन हललं नाही, तर दोष तिथेच. लांब मऊ एलेरॉनच्या मागच्या कडेत ३ मिमीची बांबूची काडी किंवा १ मिमी कार्बन तार बसवा. पुशरॉड (सर्व्होपासून एलेरॉनपर्यंतची तार) लांब आणि बारीक असेल तर तोही दाबला की वाकतो. १.५ मिमीची तार घ्या किंवा सर्व्हो एलेरॉनजवळ न्या.

फोम वेगळा असेल तर थोडा बदल. गरम तारेने कापलेला थर्माकोलचा भरीव पंख असेल तर फोम स्वतः वेबचं काम अर्धवट करतो, पण पॅकिंगचा हलका थर्माकोल त्या कामाला फार मऊ. बाल्साचा वेब तिथेही द्या. वर तपकिरी कागद फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून लावा, दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत. एक बाजू आज आणि दुसरी उद्या केलीत तर कागद वाळताना आक्रसतो आणि पंख केळ्यासारखा होतो. तार फिरवल्यावर उरलेले वरचे-खालचे ठोकळे टाकू नका, पंख त्यांच्यात ठेवून वर वजन ठेवा आणि दोन दिवस विसरा. कागदाचे थर असलेल्या फोमबोर्डमध्ये ताकद कागदात असते. वजन वाचवायला खालचा कागद सोलायचा असेल तर सोला, पण दाबाच्या बाजूचा, म्हणजे वरचा कागद ठेवा. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही, कडा उघड्या राहिल्या की तो कागद आपोआपच सुटतो, तेव्हा कडांना टेप लावा. ईपीपी रबरासारखं असतं, ते मोडत नाही पण वाकत राहतं. तिथे तुळई जास्तच गरजेची, आणि टेप लावण्याआधी स्प्रे गोंद मारावा लागतो. नाहीतर टेप आठवड्यात उलगडते. आणि दुकानात सनबोर्ड म्हणून मिळणारा पीव्हीसीचा पांढरा बोर्ड या कामाला आणूच नका. दिसतो फोमसारखा, पण ५ मिमी बोर्डचा तुमच्या मापाचा पंख नुसताच सव्वा किलोच्या आसपास भरेल. डेप्रॉनचा तोच पंख ८५ ग्रॅमचा.

गोंदाची गल्लत इतकी सर्रास होते म्हणून दोन वाक्यं: साधं फेविक्विक आणि फेविबॉन्डसारखे रबरी सोल्युशन थर्माकोल आणि डेप्रॉन विरघळवतात, त्यामुळे फोमसेफ सीए (फोम न विरघळवणारं, फेविक्विकच्या जातीचं) किंवा एपॉक्सीच. हॉट ग्लू पटकन लागतो, पण मे महिन्यात नागपूरकडच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या विमानातला ग्लू मऊ होऊन स्पार सरकतो. स्पारसाठी तो नकोच, सर्व्हो बसवायला ठीक.

पंखाला डायहेड्रल असता तर तुळई मध्ये तोडावी लागली असती. तेव्हा ३ मिमी प्लायवूडची त्या कोनात कापलेली पट्टी दोन्हीकडे शंभर-शंभर मिमी बाल्साला चिकटवायची, आणि तिची टोकं वर सांगितलं तशी निमुळती.

रबरबँडने पंख बसवत असाल तर मागच्या कडेवर बँड बसतात तिथे आईस्क्रीमची चपटी काडी चिकटवा. नाहीतर बँड फोम कापत आत शिरतात आणि एका कठीण लँडिंगमध्ये तिथूनच चीर जाते. रिसीव्हरची अँटेना तुळईपासून दूर, आणि तिच्या समांतर नको. कार्बन २.४ गिगाहर्ट्झला आडोसा करतो.

उडवण्याआधी जमिनीवर तपासा. दोन खुर्च्या एक मीटर अंतरावर, त्यांच्यावर घडी केलेला टॉवेल, आणि बॅटरीसकट विमान असं ठेवा की तुळईची दोन टोकं बरोबर टॉवेलवर येतील, फ्यूजलाज मध्ये लोंबेल. आता सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) जागी पाण्याच्या बाटल्या ठेवून दीड किलो जादा वजन द्या. मुळाशी येणारा जोर पाचपट भाराएवढाच होतो. मध्याला खाली किती बसतं ते पट्टीने मोजा. कार्बन तुळई नीट चिकटली असेल तर १० मिमीच्या आसपास, बांबूला २० च्या आसपास. कार्बनला २० च्या वर गेलं तर कुठेतरी बाल्सा सुटलेला आहे. कानाजवळ नेऊन हळू दाबा, करकर ऐकू येते ती जागा. वजन काढल्यावर पंख पूर्ण सरळ झाला पाहिजे. २ मिमीचाही वाक शिल्लक राहिला तर फोम कुठेतरी दबला आहे, वरून बोट फिरवून शोधा. पहिली चार-पाच उड्डाणं झाली की चिरेवरची टेप आणि जुन्या सुरकुतीची जागा पुन्हा बघा. सुरकुती गडद होत असेल तर उडवणं थांबवा.

जुना ४ मिमी रॉड काढायचा का, हे तुम्ही विचारणारच. ओढून काढताना रिबा फाटतात, त्यामुळे एपॉक्सीने चिकटवलेला असेल तर राहू द्या, वीस ग्रॅमचं ओझं सोसा. नुसताच ओवलेला असेल तर टोकाकडून सरकवून काढून घ्या. पुढच्या विमानाच्या शेपटीच्या बूमला तो कामाला येईल.